कुंभाराचा आवा आणि घरची भट्टी

विजेवर चालणारी लहान भट्टी मिळूं लागल्यामुळें मातीचीं भांडीं आतां घरच्या घरीं भाजतां येतात. जें काम पिढ्यान्‌पिढ्या गांवाच्या कडेला चाललें, तें माजघराशेजारीं येऊं पाहत असतां, तें इतके दिवस बाहेर कां होतें हें पाहणें अवश्य आहे.

मालवणलगतच्या कुंभारमाठ ह्या गांवाच्या नांवांतच कुंभार आहे; कोंकणांत अन्यत्र कुंभारवाड्या आढळतात. कुंभाराला वेगळी वाडी कां, ह्या प्रश्नास जातिभेद हें एकच उत्तर बहुधा दिलें जातें. तें खोटें नव्हे. पण आमच्या मतें तें अपुरें आहे. नगराच्या व्यवस्थेसंबंधीं लिहितांना कौटिल्यानें गवती छपरें काढून टाकावीं व अग्नीवर उपजीविका करणाऱ्यांस एका ठिकाणीं वसवावें, असें सांगितलें आहे. उन्हाळ्यांत भर दुपारीं विस्तव पेटविणारास तर त्यानें दंडच ठेविला आहे. ह्यांत जातीचा उल्लेख नाहीं. आगीचें भय मात्र स्पष्ट आहे. मालवणच्या किनाऱ्यावर तें सहज समजतें. गवतानें व झापांनीं शाकारलेलीं घरें, अंगणांत पेंढ्याची उडवी, आणि दुपारीं समुद्रावरून सुटणारा वारा! इ. स. १८६५ मध्यें बासेल मिशननें मंगळुरास कौलांचा कारखाना काढला व पुढें तीं कौलें पश्चिम किनाऱ्यावर पसरलीं, तेव्हां कोठें छपराची धास्ती कमी झाली. भट्टींतून निघालेल्या वस्तूनेंच आगीचें भय हटविलें, आणि हातानें नळे करणाऱ्या कुंभाराचा धंदाही तिनेंच बसविला!

त्या कुंभाराची रीत मात्र आजही उपयोगी आहे. पुरतें न सुकलेलें भांडें तो आव्यांत घालीत नाहीं, कारण अंगीं मुरलेल्या पाण्याची वाफ होतांच तें फुटतें. प्रथम मंद आंच, मग तीव्र. आणि आवा निवेपर्यंत उघडावयाचा नाहीं. विजेच्या भट्टीस हेच नियम लागू आहेत. शिवाय आव्याचा धूर डोळ्यांस दिसतो व वाऱ्याबरोबर जातो. बंद भट्टींत मातींतला सेंद्रिय अंश जळतांना निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाहीं, आणि त्याला वासही नसतो. म्हणून भट्टी राहत्या खोल्यांपासून अलग, हवा खेळती असेल अशा जागीं, जांभ्याच्या किंवा सिमेंटच्या जमिनीवर, भिंतीपासून निदान हातभर, म्हणजे सुमारें ४५ सेंटिमीटर दूर असावी. तिला वीज स्वतंत्र तारेनें द्यावी, आणि ती तापलेली असतां घर सोडून जाऊं नये.

महिपतीच्या भक्तविजयांत राका कुंभाराची कथा आहे. कच्च्या भांड्यांत मांजरीनें पिलें ठेविलीं होतीं. तें न कळतां आवा पेटला, आणि विठ्ठलाच्या कृपेनें पिलें जिवंत निघालीं. तेवढी कृपा आम्हां सामान्यांच्या वाट्यास येईलच असें नाहीं; तेव्हां भट्टी लावण्यापूर्वीं आंत डोकावून पाहावें, आणि मुलांस व मांजरांस त्या दिवशीं तिकडे फिरकूं देऊं नये.