गल्फमधून कायमचं घरी आलात? आधी बँकेत जाऊन हे सांगा

आमच्या शेजारचे काका १७ वर्षं शारजाला एसी मेकॅनिक होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये बॅगा भरून कायमचे चिपळूणला परतले. पहिला महिना पाहुण्यांत गेला, दुसरा घराच्या स्लॅबमध्ये. बँकेत जाऊन "मी आता परत आलोय" हे सांगायचं मात्र राहूनच गेलं. मागे एकदा विचारलं होतं तेव्हा काउंटरवरून उत्तर आलं होतं, "चालतंय की, राहू द्या."

चालत नव्हतं. त्यांच्या एनआरओ खात्यात ९ लाखांची एफडी होती. ७ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ६३ हजार. पण बँकेच्या लेखी काका अजून शारजातच असल्यामुळे त्या व्याजावर ३१.२ टक्के टीडीएस कापला जात होता. म्हणजे वर्षाला साडेएकोणीस हजारांच्या वर. निवासी भारतीयाच्या एफडीवर हाच टीडीएस १० टक्के असतो.

आता मुळात ही खाती काय असतात ते बघू. परदेशात कमावलेला पैसा भारतात ठेवण्यासाठी एनआरई खातं असतं. घरभाडं, जमिनीचे पैसे अशा भारतातल्या कमाईसाठी एनआरओ. दोन्ही खाती फक्त अनिवासी भारतीयांसाठी. फेमा कायद्यानुसार तुम्ही कायमचं राहायला म्हणून भारतात उतरलात की त्या दिवसापासून निवासी होता. मग ही खाती लगेच निवासी खात्यात बदलून घ्यावी लागतात. वर्षभरानं नाही, लगेच. फेमाच्या उल्लंघनाला गुंतलेल्या रकमेच्या तिप्पटीपर्यंत दंडाची तरतूद आहे.

"एफडी मोडावी लागेल का?" हा प्रश्न सगळ्यांना पडतो. नाही. ठरलेल्या व्याजदरानं ती मुदत संपेपर्यंत चालते, फक्त तिचा दर्जा बदलतो.

खरी गोची एनआरई एफडीच्या व्याजाची आहे. तुम्ही परदेशात होता तोवर हे व्याज करमुक्त होतं. परतल्यापासून ते करपात्र आहे. बँकेला तुम्ही परतल्याचं माहीतच नसेल तर ती टीडीएस कापत नाही आणि माणसाला वाटतं, अजून टॅक्स फ्रीच आहे. नोटीस आली की मग धावपळ.

अर्थात रील्समध्ये घाबरवतात तेवढं घाबरायचं कारण नाही. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर निवासी व्यक्तीला रिबेट मिळून कर शून्य होतो, आणि एफडीचं व्याज त्यात येतं. समजा ८० लाखांची एफडी आहे आणि वर्षाला ५ लाख ६० हजार व्याज येतंय. दुसरं उत्पन्न नसेल तर कर शून्य. पण उत्पन्न ४ लाखांच्या वर गेल्यामुळे रिटर्न भरावंच लागेल. तिथेच लोक चुकतात.

आता थोडा किचकट भाग. फेमाच्या हिशोबानं तुम्ही उतरल्या दिवसापासून निवासी, पण आयकर खातं त्या आर्थिक वर्षातले भारतातले दिवस मोजतं. दरवर्षी महिनाभराच्या सुट्टीवर येणारा माणूस नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कायमचा परतला, तर १८२ दिवस भरत नाहीत आणि ते वर्ष तो करासाठी अनिवासीच राहतो. त्या वर्षी वरचा रिबेट मिळत नाही. पण पुढची साधारण दोन वर्षं त्याला आरएनओआर हा मधला दर्जा मिळतो. आधीच्या १० पैकी ९ वर्षं अनिवासी असलेल्याला, किंवा आधीच्या ७ वर्षांत ७२९ किंवा त्याहून कमी दिवस भारतात राहिलेल्याला हा दर्जा असतो. या काळात दुबईतल्या खात्यावरच्या व्याजाला किंवा तिथल्या घरभाड्याला भारतात कर नाही. आरएनओआर संपला की परदेशातली खाती आणि मालमत्ता रिटर्नमध्ये दाखवावीच लागते. हे दिवस सिद्ध करायला शिक्क्यांचे जुने पासपोर्ट लागतात, ते सांभाळून ठेवा.

पुन्हा बाहेर जायचा विचार असेल किंवा मुलांना परदेशात शिकवायचं असेल, तर एनआरईतला पैसा आरएफसी खात्यात परकीय चलनात ठेवता येतो. डॉलरमध्ये ठेवला तरी हरकत नाही, कारण १९९७ पासून दिरहमचा दर डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५. आरएनओआर असेपर्यंत या खात्याच्या व्याजावर करही नाही.

निघण्याआधी ग्रॅच्युइटीचा हिशोब स्वतः करून बघा. युएईच्या कामगार कायद्यात पहिल्या ५ वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा मूळ पगार मिळतो. मूळ पगार ३ हजार दिरहम आणि नोकरी १२ वर्षांची असेल, तर साधारण ३१,५०० दिरहम होतात. भत्ते यात धरत नाहीत. करार संपल्यापासून १४ दिवसांत हे पैसे द्यायचे असतात.

आणि तिथलं क्रेडिट कार्ड किंवा कर्ज थकवून विमानात बसलं की सुटलो, हा समज काढून टाका. जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनंतर युएईतल्या दिवाणी न्यायालयांच्या निकालांची अंमलबजावणी भारतातल्या जिल्हा न्यायालयातून करता येते.

आरोग्य विम्याचं तर लोक पूर्ण विसरतात. कंपनीचं कव्हर नोकरीबरोबर जातं. पन्नाशीत डायबिटीस घेऊन परतलेल्या माणसानं इथे नवी पॉलिसी घेतली, तर आधीपासूनच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून परतायच्या एक-दोन वर्षं आधीच इथली पॉलिसी सुरू केलेली बरी.

राहिला गावाकडचा विषय. काका किती घेऊन आले याची चर्चा काकांच्या आधी गावात पोहोचलेली असते. कोणी टेम्पोत भागीदारी मागतं, कोणी पोल्ट्रीत, कोणी सरळ उसने. माझं मत विचाराल तर वर्षभराचा घरखर्च वेगळ्या खात्यात टाकावा आणि पहिले सहा महिने कुणाच्याही धंद्यात रुपया घालू नये. दर महिन्याला येणारा पगार आता येणार नाही, हे घरच्यांच्या अंगवळणी पडायलाही तेवढा वेळ लागतो.

एक बारीकसं काम: भारतातल्या बँकेत तुमचा तिकडचा मोबाइल नंबर असेल, तर ते सिम बंद पडण्याआधी इथला नंबर जोडून घ्या. नाहीतर पैसे स्वतःचे आणि ओटीपी येत नाही, अशी गत होते.

काकांचं प्रकरण २०२५ मध्ये एका सीएनं बघितलं. त्यांचं एकूण उत्पन्न करमर्यादेच्या आतच होतं, म्हणजे कापलेला सगळा टीडीएस परत मिळण्यासारखा होता. २०२४-२५ चं रिटर्न वेळेत भरलं आणि रिफंड आला. २०२३-२४ ची मुदत १५ जानेवारी २०२५ लाच संपली होती.