मोजमापाआधीची जमीन

अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमाला मानांकन मिळवायचं असेल तर विभागाला आधी स्वतःबद्दल जाडजूड अहवाल लिहावा लागतो. कागदोपत्री त्याचं नाव स्वयंमूल्यमापन अहवाल, स्टाफरूममध्ये नुसता 'एसएआर'. आम्ही भरला त्या नमुन्यात एकूण 1000 गुण होते. अध्यापकवर्गाला 200, विद्यार्थ्यांच्या कामगिरीला 150, सातत्यानं केलेल्या सुधारणेला 50. पहिला निकष दूरदृष्टी आणि ध्येयाचा, त्याला 60. हा अभ्यासक्रम इथे कशासाठी चालवता, एवढंच त्यात मुळात विचारलेलं असतं. एका सल्लागारानं आम्हाला या निकषाचा तयार मसुदा दिला होता. 'जागतिक दर्जाचे अभियंते घडवणे' वगैरे. तो मसुदा नागपूरला चालला असता आणि कोईमतूरलाही. बीड जिल्ह्यात बांधकाम व्यवस्थापन का शिकवायचं, याचं उत्तर त्यात कुठेच नव्हतं. ते शोधायला मला जुन्या गोष्टींकडे जावं लागलं, आणि पहिली गोष्ट घरातच सापडली.

माझे वडील 1972च्या दुष्काळात केज तालुक्यातल्या दुष्काळी कामांवर मस्टर कारकून होते. पाझर तलाव, नालाबांध, रस्त्यांची माती, खडी फोडणं. ज्यांच्या घरी चार बैल होते तीही माणसं टोपलं घेऊन उभी होती. मजुरी कामाच्या मापावर मिळायची. माती खोदून बांधावर टाकायची, आणि संध्याकाळी खड्ड्याचं माप घ्यायचं. आता खड्डा नेमका किती खोल झाला, हे ठरवायचं कसं? मूळची जमीन तर खोदून गेलेली. म्हणून खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट न खोदता तसाच ठेवायचे. त्याच्या माथ्यावर मूळचं गवत, खडे सगळं जागच्या जागी. त्या माथ्यापासून तळापर्यंत टेप सोडला की खोली कळायची. माप नोंदवून झाल्याशिवाय खुंटाला कुदळ लावायची नाही, हा नियम. वडील सांगायचे, की गँगमधल्या बायका त्या खुंटावर डोळा ठेवून असायच्या. कुणी रात्रीतून त्याचा माथा तासला, तर खोली कमी भरणार आणि दिवसभराची मजुरी बुडणार.

ते माप मग मोजमाप पुस्तकात चढायचं. बांधकाम खात्यात त्याला सगळे 'एमबी' म्हणतात. पानांवर छापील क्रमांक, पान फाडायचं नाही, खोडरबर चालत नाही. चुकलेली नोंद एका रेघेनं कापायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही. कामाचं वर्णन, संख्या, लांबी, रुंदी, खोली, परिमाण, असे रकाने. ज्यानं माप घेतलं त्याची सही, आणि वरच्या अधिकाऱ्यानं त्यातली काही मापं स्वतः जागेवर जाऊन पुन्हा तपासायची. याच कामांच्या अनुभवातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना पक्की झाली. तिचा कायदा 1977चा, अंमल 26 जानेवारी 1979पासून. आपण केलेलं काम आपणच लिहून काढायचं आणि दुसऱ्यानं येऊन ते तपासायचं, ही रीत आमच्या धंद्यात महाविद्यालयांच्या कितीतरी आधी रुजलेली आहे.

महाविद्यालयांकडे ती दुसऱ्या वाटेनं आली. अमेरिकेत अभियांत्रिकी अभ्यासक्रम तपासणारी संयुक्त परिषद 1932 साली स्थापन झाली. बांधकाम शिक्षणाचे प्रश्न वेगळे आहेत म्हणून त्यासाठी निराळी परिषद 1974 साली निघाली. दोन्हींचा पाया एकच, आधी संस्थेनं आत्मपरीक्षण लिहायचं आणि मग बाहेरच्यांनी येऊन पाहायचं. आपल्याकडे राष्ट्रीय मानांकन मंडळ 1994 साली आलं. अभियांत्रिकी पदव्यांना देशोदेशी परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत हंगामी सदस्य 2007 साली झाला आणि कायम सदस्य 13 जून 2014 रोजी. त्यानंतर भर बदलला. वर्गखोल्या किती, पुस्तकं किती, हे मोजणं संपलं नाही, पण मुलाला शेवटी काय यायला लागलं हा प्रश्न पुढे आला. 12 निष्पत्ती ठरल्या. त्यांतली अकरावी 'प्रकल्प व्यवस्थापन आणि वित्त', म्हणजे आमचा विषय प्रत्येक अभियंत्याच्या कुंडलीत बसला. प्रत्येक धड्याचा या निष्पत्तींशी संबंध 1, 2 किंवा 3 असा लावायचा, परीक्षांच्या गुणांवरून साध्य किती झालं ते काढायचं, माजी विद्यार्थी आणि मालक काय म्हणतात तेही धरायचं.

हे सगळं मला मनापासून पटतं. एकच खोट दिसते. या मोजणीत खुंट ठेवलेला नसतो. मुलगा शेवटी कुठे पोहोचला हे आकड्यात येतं, तो कुठून निघाला हे येत नाही. जिल्ह्याचंही तसंच. इथल्या बांधकामात आमच्या अभ्यासक्रमानं काय भर घातली हे सांगायचं, तर त्याआधी इथे काय होतं ते माहीत हवं.

काय होतं? अंबाजोगाईत यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याची आठवण अजून दगडात आहे. त्याच्या लक्ष्मी नावाच्या मुलीनं लढाईत मेलेल्या भावाच्या स्मरणार्थ 1240 साली मंदिर बांधवलं, ते शिलालेखावरून कळतं. बीड शहराबाहेरची खजाना विहीर 1582च्या सुमाराची. मुर्तझा निजामशहाच्या काळातला जहागीरदार सलाबतखान यानं ती करवली आणि राजा भास्कर यानं ती रचली. जमिनीखालच्या भुयारांतून पाणी विहिरीत येतं आणि तसंच भुयारातून शेतीकडे जातं. उतार एवढा नेमका धरायला किती माणसांनी किती महिने खपून पातळ्या काढल्या असतील! दुष्काळातही न आटणारी म्हणून तिची ख्याती आहे. पण माणसं कशी लावली, दगड कुठून आणला, काम कुठे अडलं, यातलं काही उरलं नाही. करवणाऱ्याचं नाव राहिलं, करणाऱ्यांची रीत त्यांच्याबरोबर गेली. विद्यार्थ्यांना मी खजाना विहिरीवर न्यायची ती स्थापत्याची तारीफ करायला नव्हे. विहिरीच्या काठावर बसून त्यांनी तिच्या कामाचा क्रम कागदावर मांडायचा, कोणतं काम कोणत्या कामाआधी, हे ठरवायचं. पर्ट आणि सीपीएम या कामांचा क्रम आखायच्या पद्धती 1957-58च्या आसपास अमेरिकेत निघाल्या, एक नौदलाच्या क्षेपणास्त्रासाठी आणि दुसरी रसायन कारखान्यासाठी. त्यांतलं जाळं काढायला आमच्या मुलांना तीच विहीर सगळ्यांत सोपी जायची.

निजामाच्या राज्यात बीडच्या मुलाला हे शास्त्र शिकायचं तर वाट लांबची होती. उस्मानिया विद्यापीठ 1918चं, तिथलं अभियांत्रिकी महाविद्यालय 1929चं, आणि शिक्षण उर्दूतून. मराठी घरातला, शेतकऱ्याचा मुलगा तिथवर पोहोचणं किती कठीण, ते वेगळं सांगायला नको. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाचं राज्य संपलं, त्यानंतर दार उघडलं, पण हळूहळू. मराठवाडा विद्यापीठ 23 ऑगस्ट 1958 रोजी निघालं, औरंगाबादचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1960 साली. वसंतदादा पाटलांच्या सरकारनं 1983 साली विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली, आणि त्याच दशकात अंबाजोगाईत अभियांत्रिकीची पदवी मिळू लागली. म्हणजे मंदिरं, विहिरी, किल्ले बांधणाऱ्या या जिल्ह्यात बांधकामाचं पदवी शिक्षण आलं ते माझ्या पिढीच्या तरुणपणी. खजाना विहिरीनंतर 400 वर्षांनी.

आणि लगेच परीक्षा झाली. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. जवळपास 8,000 माणसं गेली. मी नुकतीच शिकवायला लागले होते. आम्ही काही शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन गेलो, तेव्हा मी पहिल्यांदा पडलेल्या भिंतीचं पोट पाहिलं. बाहेरून दोन-अडीच फुटांची दगडी भिंत. आत दोन वेगळे थर, मध्ये चिखल आणि बारीक दगड भरलेले, दोन थरांना बांधणारा एकही आरपार दगड नाही. वर लाकडी तुळयांवर मातीचं माळवद, दर उन्हाळ्यात नवी माती चढवत जड झालेलं. हादरा बसला तसे भिंतीचे थर फाकले आणि माळवद खाली आलं. माझं माहेरचं घर असंच होतं. केजला, धारूरला, पाटोद्याला अशीच घरं होती. आणि आमच्या अभ्यासक्रमात कैचीचं पोलादी छप्पर होतं, आरसीसीची चौकट होती, जिल्ह्यातली बहुसंख्य माणसं ज्या छपराखाली झोपत होती ते माळवद नव्हतं.

नंतरच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कामात गावोगाव तरुण अभियंते लागले, आमचेही विद्यार्थी होते. माळवदावरची जादा माती उतरवा, आरपार दगड बसवा, भिंतीच्या माथ्यावर पट्टा घाला. हे घरमालकाला पटवायचं, गवंड्याला दाखवायचं आणि हप्ता सुटण्याआधी तपासायचं. बांधकाम व्यवस्थापन म्हणतात ते हेच. त्या मुलांनी ठेवलेल्या वह्या मी मागून घेतल्या होत्या. पुढे अहवाल लिहिताना माझ्या दृष्टीनं सगळ्यांत मोलाचा पुरावा तोच ठरला.

राहिला प्रश्न वर्गात येणाऱ्या मुलांचा. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो, टोळी बांधतो, कारखान्याशी बोलतो. माझ्या वर्गात दरवर्षी असे आई-बाप असलेली मुलं असायची. एकदा मजुरांची उत्पादकता शिकवताना मी फळ्यावर सूत्र मांडलं, तर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, कोयते कितीबी असू द्या, गाडी नाही आली की सगळी टोळी फडात बसून राहती." काम कशानं अडतं, हे त्याला पुस्तकाआधी ठाऊक होतं. उचलीचं कर्ज माणसाला कसं बांधून ठेवतं, हेही ठाऊक होतं. उद्या तो साइट इंजिनिअर होईल तेव्हा मुकादमाशी तोच बोलणार, आणि मजुराला किमान वेतन, पाळणाघर, पिण्याचं पाणी मिळतं का हे तोच पाहणार. 1996च्या बांधकाम मजूर कायद्यावरचं माझं प्रकरण मी या मुलांपुढेच सगळ्यांत सावकाश शिकवलं.

म्हणून आमच्या विभागात आम्ही दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला एक नोंद सुरू केली. गुण नाहीत, परीक्षा नाही. घरी कुणी बांधकामावर, ऊसतोडीला, वीटभट्टीवर गेलं आहे का, त्यातलं तू काय पाहिलंस, काम कशानं थांबायचं, पैसे कसे मोजायचे, हे मुलानं त्याच्या भाषेत लिहायचं. शेवटच्या वर्षी तेच प्रश्न पुन्हा द्यायचे आणि दोन कागद शेजारी ठेवायचे. पहिला निकष आम्ही या कागदांवरून नव्यानं लिहिला. पाण्याची, मातीकामाची, स्थलांतरित मजुरांची आणि दगड-मातीच्या घरांची कामं नीट चालवणारी माणसं या जिल्ह्याला द्यायची, असं साध्या वाक्यात. सहकाऱ्यांपैकी काहींना ते फार लहान वाटलं. मला ते पुरेसं मोठं वाटतं.

पुढच्या फेरीचा अहवाल आता तरुण शिक्षक लिहितील. त्यांच्यासाठी एक काम मी सुचवून ठेवलं आहे. नगर-बीड-परळी रेल्वे, 261 किलोमीटर, मंजुरी 1995ची. नगर ते बीड गाडी सुरू झाली 17 सप्टेंबर 2025 रोजी. मधल्या 30 वर्षांत भूसंपादन, निधीचे वाटे, पूल, कंत्राटं यांतलं नेमकं काय कुठे अडलं, याची मांडणी प्रत्येक तुकडीनं एकेक टप्पा वाटून घेऊन करावी. बीडपासून परळीपर्यंतचं काम डोळ्यांसमोर चालू आहे. त्याच्या मातीकामाची मापं विद्यार्थ्यांनी आत्ताच घ्यायला लागावं, रूळ पडल्यावर मूळची जमीन दिसणार नाही.