357 दातांची माळ

क्लिनिक उघडलं त्या पहिल्या महिन्यात डेंटल चेअरवर सगळ्यात जास्त वेळ मीच बसले असेन. कॉलेजात रूट कॅनाल शिकले, अक्कलदाढ काढायला शिकले. पण जागेचं भाडं, चेअरचा हप्ता आणि असिस्टंटचा पगार भागवायला रोज किती पेशंट लागतात, हे गणित कुणी शिकवलं नव्हतं. अशाच एका रिकाम्या दुपारी मोबाइलवर मला पेनलेस पार्कर भेटला.

एडगर पार्कर मूळचा कॅनडाचा. 1892 मध्ये फिलाडेल्फियातून दंतवैद्यकाची पदवी घेऊन गावी परतला, पाटी लावली, आणि आठवडेच्या आठवडे कुणी फिरकेना. जाहिरात करणं तेव्हा या पेशात हलकं मानलं जाई. पार्करने तो संकोच सोडला आणि थेट रस्त्यावर उतरला. घोडागाडीवर खुर्ची, सोबत बँड. दात काढायचे 50 सेंट. दुखलं तर उलट तोच 5 डॉलर देणार! हिरडीत तो कोकेनचं द्रावण टोचायचा. ते लागू पडलं नाही तर बँड होताच, ओरडणं गर्दीपर्यंत पोचत नसे. (आपल्याकडच्या वरातीतल्या डीजेपुढे मीसुद्धा पेनलेस ठरेन.) एका दिवसात 357 दात काढल्याचा त्याचा दावा होता आणि त्या दातांची माळ तो गळ्यात घालायचा.

सर्कसवाल्या बार्नमकडे काम केलेला विल्यम बीबी त्याने जोडीला घेतला. पुढे कॅलिफोर्नियात खऱ्या नावानेच प्रॅक्टिस करण्याची सक्ती आली, तेव्हा पठ्ठ्याने 1915 मध्ये कायदेशीररीत्या आपलं नावच 'पेनलेस' करून घेतलं.

हसून झाल्यावर मला त्याचा हेवा वाटला. बँडच्या मागे धंद्याची घडी पक्की होती. एका छताखाली अनेक डॉक्टर, गर्दीला परवडणारे दर, आणि एकामागून एक शाखा. पश्चिम किनाऱ्यावर त्याची जवळपास 30 क्लिनिक्स झाली. इतर दंतवैद्यांच्या मते तो पेशाच्या अब्रूला धोका होता. पण एरवी दंतवैद्याची पायरीही न चढणारे कितीतरी लोक त्याच्याकडे आले, हेही खरंच. मला खुपतो तो फक्त बँड. दर आधी सांगणं वेगळं आणि किंकाळी झाकणं वेगळं.

ती माळ आता फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात आहे. दातांनी भरलेली त्याची बादलीसुद्धा.

मी ते वाचलं त्याच आठवड्यात एका मित्राने माझ्यासाठी फ्लेक्सचा मजकूर करून पाठवला होता: 'वेदनारहित उपचार, पहिली तपासणी मोफत'. मी तो छापला नाही. त्याऐवजी वेटिंगमध्ये दरांचा साधा कागद चिकटवला.

परवा एका आजोबांनी तो चष्मा वर करून वाचला आणि आत येऊन विचारलं, "पैशाचं कळलं. पण पोरी, दुखेल का गं?"

"सुई टोचताना थोडं दुखेल, आजोबा. नंतर दुखलं तर हात वर करा, मी थांबेन."

त्यांनी चप्पल काढली आणि चेअरवर बसले.