डेम्लो संख्यांची कुळकथा

पेण-रोह्याची गाडी दिव्याला पोचली की तिथून डोंबिवली दुसरंच स्टेशन. जी.आय.पी. रेल्वेच्या काळातलं 'डेम्लो' ते हेच. डहाणूत १९०५ साली जन्मलेल्या आणि पुढे १९३० ते १९६२ देवळालीत शाळाशिक्षक राहिलेल्या द. रा. कापरेकरांना एका संख्याकुळाचा विचार या स्टेशनात सुचला, म्हणून त्यांनी त्या कुळाला डेम्लो नाव दिलं. १६५, २५५३, ४७७७३ या त्यातल्या संख्या. पहिल्या आणि शेवटच्या अंकाची बेरीज करावी, तोच अंक मध्ये हवा तितक्या वेळा भरावा. १११११११११ या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो, आणि असे वर्ग कापरेकरांनी 'अद्भुत डेम्लो' म्हणून वेगळे काढले. ही निव्वळ अंकांची गंमत आहे, असं गणिताच्या बऱ्याच जाणकारांना वाटत आलं. माझं मत वेगळं आहे. या कुळात संख्येचा आकार तिचे अवयव उघड सांगतो.

४७७७३ म्हणजे ४३ गुणिले ११११. गुणाकार मांडताना ४३ दर ओळीत एकेक घर डावीकडे सरकतो, मधल्या प्रत्येक घरात ३ आणि ४ एकमेकांखाली येतात आणि ७ होतात. हातचा येत नाही, म्हणून नक्षी टिकते. तसंच २५५३ म्हणजे २३ गुणिले १११. म्हणजे या घडणीची कोणतीही संख्या मूळ असूच शकत नाही. अद्भुत डेम्लो तर वर्गच, त्यामुळे १ सोडला तर त्यांचीही तीच गत. वरच्या सतरा अंकी संख्येत ३, ३७ आणि ३३३६६७ एवढेच मूळ अवयव आहेत.

आता १२३४५६७८९१०९८७६५४३२१ घ्या. एकपासून दहापर्यंत चढायचं आणि परत एकपर्यंत उतरायचं, म्हणजे दिसायला अद्भुत डेम्लोची पुढची पायरी. पण ही वीस अंकी संख्या मूळ आहे. एकेका भाजकाने तपासायचं तर सुमारे ३५१ कोटींपर्यंत जावं लागेल, इतकी ती मोठी. दहा वेळा १ लिहून खरोखर वर्ग केला, तर मधल्या दहाचा हातचा पुढे जातो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ मिळतं. हे संयुक्त आहे. मूळ संख्येत मात्र दहा हा न सोडवलेला हातचा म्हणून तसाच लिहिलेला आहे; ती उलटी वाचली तर १० चे ०१ होतात, म्हणून दोन्हीकडून सारखीही नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप असा की हे सगळं दशमान पद्धतीवर अवलंबून आहे, मग त्यात खोल सत्य कसलं? आक्षेप या मूळ संख्येच्या दिसण्याला लागू पडतो. ती मूळ आहे हे कोणत्याही पद्धतीत खरं, पण चढउताराची नक्षी फक्त दहाच्या लेखनात दिसते. डेम्लोचं तसं नाही. बाराच्या पद्धतीतही १११ चा वर्ग १२३२१ असाच लिहिला जातो, कारण प्रत्येक घरात किती एकक एकमेकांखाली आले याचीच ती मोजणी असते. पद्धत बदलली की फक्त हातचा कधी येणार ते बदलतं: दहात नऊ एकक चालतात, बारात अकरा. के. आर. गुंजीकरांबरोबर कापरेकरांनी या संख्यांचा सिद्धांत मांडला, तो याच कारणाने करण्याजोगा होता.

पेण-रोह्याच्या गणितशिक्षकांना विनंती, ४३ गुणिले ११११ ची ही मांडणी आठवीच्या फळ्यावर एकदा करून दाखवा, आणि कापरेकरांचं नाव सांगायला विसरू नका.