काचेंतील पोवळीं आणि त्यांचीं चित्रें

पोवळें हा शब्द उच्चारतांच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें नवरत्नांपैकीं एक तांबडें रत्न उभें राहतें. सजीव प्राणी उभा राहत नाहीं. यांत नवल नाहीं. युरोपांतील पंडितांनाहि अठराव्या शतकाच्या आरंभीं पोवळें हें खनिज कीं झाड, याचाच संशय होता. १७०६ च्या सुमारास मार्सिली या इटालियन सरदारानें फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर ताजें पोवळें समुद्राच्या पाण्यानें भरलेल्या भांड्यांत ठेविलें, तों त्यावर आठ पाकळ्यांचीं शुभ्र फुलें उमललेलीं त्यास दिसलीं. झालें, पोवळें वनस्पति ठरलें! पुढें मार्सेय येथील पेसोनेल या वैद्यानें तशींच फुलें निरखून, ह्या पाकळ्या नसून प्राण्याचे बाहु आहेत, असें प्रतिपादिलें. १७२७ मध्यें पॅरिसच्या विद्वत्परिषदेपुढें हें मत सांगतांना रेओम्यूर या थोर शास्त्रज्ञानें पेसोनेलचें नांवहि घेतलें नाहीं. इतकें तें मत त्यास विलक्षण वाटलें. पाणी तेंच, पोवळें तेंच. परंतु एकास फूल दिसलें, दुसऱ्यास प्राणी.

आज कित्येक हौशी गृहस्थ दिवाणखान्यांत काचेच्या टाकींत जिवंत पोवळीं पाळतात व त्यांचीं छायाचित्रें घेतात. हा छंद नवा दिसला तरी त्यामागील प्रश्न तोच जुना आहे: काचेपलीकडे दिसतें त्यांत वस्तूचें किती आणि पाहणाराचें किती?

घरांत पोवळीं पाळण्याचा पहिला यशस्वी प्रयोग एका स्त्रीनें केला. १८४६ मध्यें ॲना थिन या इंग्रज बाईनें टॉर्की येथील किनाऱ्यावरून कांहीं पोवळीं लंडनला आणिलीं. प्रवासांत धक्का लागूं नये म्हणून तिनें तीं सुईदोऱ्यानें स्पंजावर टांकून घेतलीं होतीं. पाणी शिळें होऊं नये यासाठीं तिची दासी उघड्या खिडकीपाशीं उभी राहून रोज अर्धा-पाऊण तास तें एका भांड्यांतून दुसऱ्यांत ओतीत असे. आजचे विजेचे पंप जें काम करतात तें त्या दासीच्या हातांनीं केलें. इतिहासानें मात्र तिचें नांव जपून ठेविलें नाहीं. पुढें १८५४ मध्यें फिलिप हेन्री गॉस यानें या विषयावर रंगीत चित्रांसह ग्रंथ लिहिला आणि इंग्लंडांत घरोघर काचेचे समुद्र दिसूं लागले. परिणाम काय झाला? हौशी मंडळींनीं किनाऱ्यावरील खडकांतील डबकीं ओरबाडून नेलीं. १९०७ मध्यें गॉसच्या पुत्रानें आपल्या पित्याच्या चरित्रकथेंत या नासाडीबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. ज्यानें त्या सौंदर्याकडे लोकांचे डोळे वळविले त्याच्याच ग्रंथानें त्या सौंदर्यावर घाला आणिला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

छायाचित्राच्या बाबतींत पहिला मान विल्यम सेव्हिल-केंट यास द्यावा लागेल. हा गृहस्थ पूर्वीं ब्रायटन येथील मत्स्यालयांत होता. नंतर तो ऑस्ट्रेलियांत गेला. तेथें मोठ्या ओहोटीच्या वेळीं उघड्या पडलेल्या पोवळ्यांचीं त्यानें छायाचित्रें घेतलीं व १८९३ मध्यें तीं ग्रंथरूपानें छापिलीं. छायाचित्रें काळींपांढरीं होतीं. रंग दाखविण्यासाठीं त्यास कुंचल्याचाच आश्रय करावा लागला. पाण्याखालील रंगीत छायाचित्र १९२६ मध्यें लाँग्ली व मार्टिन यांनीं फ्लॉरिडाजवळ घेतलें. तेवढ्या प्रकाशासाठीं त्यांनीं तराफ्यावर मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडविला. पुढें न्यू कॅलेडोनियांतील नुमेआ येथें १९५६ मध्यें कताला यांचें मत्स्यालय उघडलें. अतिनील किरणांखालीं जिवंत पोवळीं हिरव्या-केशरी तेजानें झळकतात, हें तेथें लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें.

याच तेजानें आजच्या छंदिष्टास वेड लाविलें आहे. टाकीवर निळे दिवे असतात. त्या निळाईनें कॅमेरा गोंधळतो व चित्र नुसतें निळें उमटतें. म्हणून भिंगापुढें पिंवळी किंवा केशरी काच धरावी लागते. पंप बंद करून पाणी स्थिर करावें, काचेवरील शेवाळ पुसावें, भिंग काचेशीं काटकोनांत धरावें, नाहीं तर आकार विकृत होतो. इतकें करून जें चित्र निघतें तें खरें कीं खोटें? आमच्या मतें तें खोटें नव्हे, पण अपुरें आहे. तेज पोवळ्याचें, दिवा मनुष्याचा. दिवा कोणता व काच कोणती हें चित्राखालीं लिहिलें तर तेंच चित्र साक्ष होतें. न लिहिलें तर तें केवळ शोभा राहतें.

साक्षीचें मोल केवढें, हें सेव्हिल-केंटच्या चित्रांनींच दाखविलें. त्यानें स्थळ नोंदविलें होतें, म्हणून सुमारें शंभर वर्षांनीं, १९९४ मध्यें, स्टोन बेटापाशीं पुन्हा छायाचित्रें घेतां आलीं. पूर्वींच्या समृद्ध पोवळ्यांच्या जागीं बव्हंशीं निर्जीव खडे दिसले. या ऱ्हासाविषयीं पुढें वाद झाला. परंतु वादास पाया मिळाला तो जुन्या चित्रांचाच. १९९८ पासून समुद्राच्या वाढत्या उष्णतेनें जगभर पोवळीं वारंवार पांढरीं पडत आहेत. अशा काळीं प्रामाणिक चित्र म्हणजे दस्तऐवज होय.

आपल्याकडेहि विजयदुर्गापासून सुमारें १०५ किलोमीटरांवर आंग्र्यांच्या नांवानें ओळखली जाणारी पोवळ्यांची बुडती भूमि आहे. भारतीय कायद्यानें २००१ पासून भित्ति बांधणाऱ्या पोवळ्यांना वाघाइतकें संरक्षण दिलें आहे; तीं उपटून घरीं आणणें हा अपराध आहे. गॉसच्या काळीं सौंदर्य पाहण्यासाठीं तें तोडून आणावें लागे. आज तें न तोडतां चित्रांत आणतां येतें. डोळ्यांची ही तहान हात आवरून भागवितां आली, तर दीडशें वर्षांचें हें शिक्षण फुकट गेलें नाहीं असें आम्ही म्हणूं.