डमडमची गोळी

ह्यूस्टनला राहणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मागच्या महिन्यात रात्री फोन आला. सलाम-दुआ झाली आणि तो एकदम म्हणाला, "सर, घरात पिस्तूल घेतलंय." त्यांच्या गल्लीत दोन घरफोड्या झाल्या होत्या. घरी बायको आणि तीन वर्षांची मुलगी. पिस्तूल सहज मिळाले, पण गोळ्यांवर गाडी अडली. दुकानदाराने दोन डबे पुढे ठेवले. एकातल्या गोळीचे टोक गोल, तांब्याने पूर्ण मढवलेले. ती सरावासाठी. दुसरीच्या टोकाला खड्डा, तिला हॉलो पॉइंट म्हणतात. "घरासाठी हीच घ्या, ही भिंतीपलीकडे जात नाही," असे दुकानदार म्हणाला. पोराने कुठेतरी वाचले होते की युद्धात या गोळीवर बंदी आहे. "मग घरात कशी चालते, सर?"

मी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही. मी भाषा शिकवतो. पण आमच्यासारख्या शाळेत इतिहासाचा तास अधूनमधून गळ्यात पडतोच, आणि 1857 शिकवताना काडतूस टाळता येत नाही. (उर्दूत कारतूस, मराठीत काडतूस, दोन्ही पोर्तुगिजांकडून आलेले.) त्या काडतुसाची बातमी जिथून फुटली ते कोलकात्याजवळचे डमडम. जानेवारी 1857 मध्ये तिथल्या एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे लोटाभर पाणी मागितले. शिपायाने जात काढली. तेव्हा खलाशी म्हणाला की चरबीची काडतुसे दातांनी तोडायला लागलात की जात कुठे राहील ते बघू. हा प्रसंग मुलांना आवडतो. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तरही त्याच डमडमला सापडते, फक्त चाळीस वर्षांनंतरचे.

1888 मध्ये ब्रिटिश फौजेने ली-मेटफोर्ड रायफल स्वीकारली. जुन्या मार्टिनी-हेन्रीची गोळी शिशाची, जाड, 31 ग्रॅमच्या आसपास. नवी .303 ची गोळी बारीक, जेमतेम 14 ग्रॅम, कठीण धातूने पूर्ण मढवलेली. पल्ला लांब, वेग जास्त. पण 1895 च्या चित्राळ मोहिमेतून तक्रारी आल्या की ही गोळी माणसाच्या आरपार जाते आणि माणूस तसाच धावत येतो. सरहद्दीवर अशा धावून येणाऱ्या पठाणाला इंग्रज अधिकारी 'गाझी' म्हणत. उर्दूच्या शिक्षकाला इथे थांबावे लागते. आपल्याकडे आदराने घेतला जाणारा हा शब्द इंग्रजांच्या लेखी गोळीचा दोष मोजायचे माप होऊन बसला.

डमडमच्या दारूगोळा कारखान्याचे प्रमुख कॅप्टन बर्टी-क्ले यांनी उपाय काढला. टोकावरचे आवरण थोडे मागे घेतले आणि आतले शिसे उघडे ठेवले. शरीरात शिरताच मऊ शिसे पसरते, जखम रुंद होते आणि गोळीची ताकद आतच खर्ची पडते. 1897-98 च्या तिराह मोहिमेत आफ्रिदी आणि ओरकझाई पठाणांवर ती चालली. तरुण चर्चिल तेव्हा मलाकंडच्या फौजेबरोबर होता. त्याने आपल्या पुस्तकात या गोळीची तारीफच केली आहे. मग इंग्लंडमध्ये टोकाला पोकळी असलेली मार्क 4 तयार झाली. 2 सप्टेंबर 1898 ला सुदानमधल्या ओमदुर्मानला महदीच्या अनुयायांवर तीही चालली. तिथे सुमारे दहा हजार सुदानी पडले आणि ब्रिटिश-इजिप्शियन बाजूचे पन्नासही नाहीत. यातला मोठा वाटा तोफा आणि मॅक्झिम गनचा, सगळा गोळीच्या टोकाचा नव्हे.

1899 च्या उन्हाळ्यात हेगला शांतता परिषद भरली आणि हा विषय पटलावर आला. ब्रिटिश प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांचा मुद्दा असा होता की सुसंस्कृत सैनिकाला गोळी लागली की तो स्वतःहून मागे जातो, रानटी माणूस मात्र जखमी होऊनही भाला घेऊन अंगावर येतो, म्हणून त्याच्यासाठी वेगळी गोळी हवी. इंग्रजांची एक तक्रार मात्र रास्त होती. या गोळीविरुद्ध गाजलेले जर्मन सर्जन ब्रुन्स यांचे प्रयोग डमडमच्या गोळीवर झालेच नव्हते. ते जास्त शिसे उघडे असलेल्या शिकारीच्या गोळीवर झाले होते. तरी 29 जुलैला बहुमताने जाहीरनामा झाला. ब्रिटन आणि अमेरिका विरोधात गेले. ब्रिटनने 1907 मध्ये तो मान्य केला.

आता जाहीरनाम्याची शेवटची कलमे वाचा. बंदी फक्त सह्या करणाऱ्या देशांच्या आपसातल्या युद्धात लागू. आफ्रिदींची सही कुठून असणार? म्हणजे ज्यांच्यासाठी ही गोळी घडवली, त्यांना या बंदीचे संरक्षण कागदावरही नव्हते. त्याच वर्षी बोअर युद्ध सुरू झाले. समोर गोरे शेतकरी होते, आणि ब्रिटनने पोकळ टोकाच्या गोळ्या बाजूला ठेवून जुनी मढवलेली गोळी पुन्हा काढली.

पोलीस आणि नागरिक हेगच्या कक्षेबाहेर, म्हणून अमेरिकेतल्या घरात ही गोळी चालते. तिथे तिची बाजू दयेची म्हणून मांडतात: मढवलेली गोळी चोरातून पार होऊन शेजाऱ्याला लागेल, ही आत थांबेल. यात तथ्य आहे. 11 एप्रिल 1986 ला मायामीत एका दरोडेखोराच्या छातीत शिरलेली गोळी हृदयाच्या अलीकडेच थांबली, तो लढत राहिला आणि एफबीआयचे दोन एजंट मेले. चित्राळची तक्रार पुन्हा, फक्त उलट्या कारणाने. तेव्हापासून जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी 12 ते 18 इंच शिरावी हे माप ठरले. ज्या गोळीला शरीरात एवढे शिरायचे आहे, ती जिप्समच्या पातळ भिंतीत कशी थांबेल? उलट भिंतीचा चुरा खड्ड्यात बसला की ती उमलतच नाही, गोल टोकाच्या गोळीसारखी पुढे जाते. दुकानदाराचे वाक्य माणसाबाबत बरेचसे खरे, भिंतीबाबत खोटे.

त्याला अमादू डियालोबद्दलही सांगितले. गिनीहून आलेला 23 वर्षांचा मुसलमान तरुण. 4 फेब्रुवारी 1999 ला न्यूयॉर्कमध्ये स्वतःच्याच इमारतीच्या दारात चार पोलिसांनी त्याच्यावर 41 गोळ्या झाडल्या, 19 लागल्या. हातात पाकीट होते. गोळ्या मढवलेल्या होत्या. त्यानंतर शहरात गोळी कोणती असावी यावरही वाद झाला. दारात उभा माणूस कोण आहे, हे डब्यावर लिहिलेले नसते.

आपल्याकडे ही निवड करायची वेळ थोड्यांवरच येते. परवान्यावर बोअर लिहिलेला असतो आणि .303 सामान्य माणसाला मिळतच नाही.

पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, आमच्या दोन खोल्यांमधली भिंत तसलीच आहे." परवा त्याचा निरोप आला. डबा हॉलो पॉइंटचाच घेतला, पण तो कपाटात कुलपात आहे. आणि मुलीचा पलंग त्याने पलीकडच्या विटांच्या भिंतीला लावलाय.