नारळाच्या दुधावरचे सण

अलिबाग, पेण, रोहे, पनवेल या कुलाब्याच्या मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालविणारे आणि शब्बाथाला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ या नावाने ओळखले गेलेले बेने इस्रायल यहुदी लोक मांस-मासळी खाणारे होते, यात संशय नाही. तथापि त्यांच्या सणांची ताटे बारकाईने पाहिली म्हणजे प्राणिज अन्नाचा सर्वस्वी त्याग केलेल्या आजच्या यहुदी तरुणाला कुटुंबाच्या पंक्तीत संकोचाने बसण्याचे कारण उरत नाही, असे माझे ठाम मत आहे.

धर्मविधींतील कितीतरी गोष्टी विस्मृतीत गेल्या असताही मांस आणि दूध एकत्र न करण्याचा दंडक त्यांनी निष्ठेने पाळला. त्यामुळे मांसाच्या जेवणावर गाई-म्हशीच्या दुधाचे पक्वान्न चालेना, आणि परसातल्या नारळाने ती जागा घेतली. नव्या वर्षाचा चिकाचा हलवा हा त्याचा उत्तम दाखला होय. भिजविलेले गहू वाटून, फडक्यातून पिळून काढलेला चीक नारळाचे घट्ट दूध व साखर घालून मंद आचेवर घोटावयाचा. हात थांबला की गुठळी झालीच. आणि कडेने तेल सुटू लागले म्हणजे ताटात ओतून, वेलदोडे-बदाम पेरून, वड्या पाडावयाच्या. त्यात लोण्या-तुपाची उणीव कोणास भासली नाही.

हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ च्या सुमारास लिहिलेल्या आणि १९३७ साली तेल अवीव येथे छापल्या गेलेल्या बेने इस्रायलांच्या इतिहासात सणांची जी जुनी मराठी नावे नोंदली आहेत, त्यांत खिरीचा सण आहे, आणि यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळण्याच्या दिवसाला बिरड्याचा सण म्हटले आहे. मोड आलेले, सोललेले वाल हे त्या शोकाचे अन्न!

मलिद्याची गोष्ट याहून मोलाची. नवस फिटला, लग्न ठरले, नवे घर झाले की एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे संदेष्टा एलियाचे, स्मरण करून भिजविलेले पोहे, गूळ, खवलेले खोबरे आणि फळे यांचे ताट मांडावयाचे, त्यावर आशीर्वचने म्हणावयाची आणि सर्वांना प्रसाद वाटावयाचा, ही वहिवाट जगातील अन्य यहुद्यांत आढळत नाही. द्राक्षासव दुर्मिळ असलेल्या कोकणात शब्बाथाच्या व सणाच्या पेल्यावरचा किद्दूशचा आशीर्वादही काळ्या मनुकांच्या सरबतावर म्हटला जाई.

वडीलधारी मंडळी म्हणतील, मटणावाचून सण कसला? परंतु मंदिर उभे होते तोवर आनंद मांसाचा, ते पडल्यावर मात्र द्राक्षरसाचा, असे मत खुद्द तालमूद या यहुदी धर्मग्रंथामध्ये नमूद आहे. वल्हांडणाच्या ताटात भाजलेले हाड ठेवण्याचा प्रघात सर्वत्र असला, तरी त्या रात्री कोणते दोन शिजविलेले पदार्थ मांडावेत या प्रश्नाला तिसऱ्या शतकातील बाबिलोनचे धर्मपंडित राव हुना यांनी बीट आणि भात असे उत्तर दिले होते; आणि युरोपातील अश्केनाझी यहुद्यांनी पुढे वल्हांडणात वर्ज्य मानलेला तो भात बेने इस्रायलांच्या घरी त्या आठ दिवसांतही शिजतो.